अंजनाचं बी आणि एकतीस बिळं

ज्या वर्षी रस्ता रुंद करण्यासाठी आमच्या शेताच्या कडेचं अंजनाचं झाड तोडायचं ठरलं, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा काठीने जीव घेतला. एक नव्हे, पुष्कळ. तुमच्या आईने तुम्हा दोघा नातवंडांना हे सांगितलेलं नाही, कारण तिलाही मी अर्धंच सांगितलं आहे. आता सगळं क्रमाने लिहिते. मोठ्याने वाचून दाखवताना तिने काही गाळलं, तर तिला परत मागे जायला लावा.

तुमच्या तिकडच्या शाळेने तुम्हाला जळालेल्या डोंगरावर पाइनचं बी पेरायला नेलं होतं. उंदरांनी खाऊ नये म्हणून प्रत्येक बियावर जाळीची टोपी ठेवायला लावली होती. त्यातलं एक बी तुम्ही फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलंत. टोकाला बी, मागे कागदासारखा पातळ पंख. मी इकडे खुर्चीतून उठलेच. अंजनाची शेंग अगदी तशीच असते. ही दोन झाडं एकमेकांची कुणी लागत नाहीत, पण बी वाऱ्यावर सोडायची युक्ती दोघांनी सारखीच काढली आहे. उंदरांना दोन्ही सारखीच आवडतात.

तुमचे आजोबा गेल्यावर खालची काळी जमीन मी बटाईने दिली. वरची दोन एकर बरड, म्हणजे नुसते दगड आणि मुरूम, कुणी घेतली नाही, ती माझ्याकडे राहिली. एकेकाळी तिथे अंजनाचं रान होतं असं जुनी माणसं सांगत. सरपणाला, नांगराला, खांबांना ते सगळं गेलं आणि रस्त्याच्या कडेला एकच झाड उरलं. शेलूबाजारपर्यंत मी दुसरं पाहिलेलं नाही. मला त्या बरडीवर पुन्हा अंजन हवं होतं. दोनदा मी पिशव्यांत रोपं करून पाहिली. अंजनाचं मूळ आधी खोल खाली जातं, पान मागाहून. पिशवीच्या तळाशी मूळ वेटोळं घालून बसलं आणि लावलेली रोपं दोन्ही वेळा वाळून गेली. म्हणजे बी जागेवरच टोचायला हवं.

शिवाय हे झाड दरवर्षी फळत नाही. तीन-चार वर्षं नुसतं उभं राहतं आणि मग एखाद्या वर्षी शेंगांनी लगडतं. ते वर्ष नेमकं हे होतं. बी साठवावं तर वर्षभरात त्याचा दम जातो. आणि झाडाच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाने तोडणीचा आकडा पडला होता. अंजन व्हायचं तर याच पावसाळ्यात, याच बियांतून. नाहीतर नाही.

वैशाखात मी झाडाखाली जुन्या चादरी अंथरल्या आणि बी गोळा केलं. पंख मोडून काढले, किडकं बाजूला केलं. मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे काम म्हटलं की मला वही, पट्टी आणि दोरी लागते. पाऊस पुरेसा झाल्यावर दोन मजूर बायका घेऊन मी बरडीवर दोऱ्या ताणल्या, सारख्या अंतरावर खड्डे केले, प्रत्येक खड्ड्यात चार बिया, वर बोटभर माती. पाव हिस्सा बी डब्यात मागे ठेवलं. प्रत्येक ओळीला क्रमांक दिला.

पाचव्या दिवशी जाऊन पाहिलं तर पहिल्या ओळीतला पहिला खड्डा उकरलेला. दुसराही. तिसराही. मी ओळीने चालत गेले. उंदीरही ओळीनेच गेले होते. एकही खड्डा चुकवला नव्हता. कडेला बियांची टरफलं पडलेली होती, पण थोडी. बाकीचं बी नेलेलं होतं.

त्या वेळी बांधावर एक बाई डोक्यावर बिब्याची टोपली घेऊन उभी होती. गावात सगळे तिला मावशी म्हणायचे. वयाने ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. बिबे फोडून आतली गोडंबी काढणं हा तिचा धंदा. आपल्या भागात ही कामं बायकाच करतात. गोडंबी तुम्ही डिंकाच्या लाडवात खाल्ली आहे. पण बिब्याच्या टरफलात काळं तेल असतं, ते कातडीला लागलं की कातडी भाजते, फोड येतात, सूज चढते. त्याला आम्ही बिबा उतणं म्हणतो. या बायका हाताला राख चोळून दिवसभर दगडाने बिबे फोडतात. मावशीच्या बोटांची टोकं कोळशासारखी झाली होती आणि दोन्ही गालांवर जुने डाग होते.

तिने माझ्या ओळी पाहिल्या आणि टोपली खाली ठेवून हसत सुटली.

"बाई, हे काय केलं व तुमी? पंगत मांडली उंदरायची! दोरी धरून बसोलं त्यायले. आता दक्षिना बी देऊन टाका."

मला राग आला. "हसतेस काय? सगळं गेलं."

"गेलं कुठं? इथंच हाय. उंदीर एवढं एका बैठकीत खाते काय? बिळात भरून ठेवलं असंन त्यानं. लहानपनी आमी ज्वारी काढत जाओ उंदराच्या बिळातून. माय म्हने, जा, उंदराच्या घरून दाने आना. एका बिळात पायलीभर निंगे." मग माझ्याकडे नीट पाहून ती म्हणाली, "लय जीव हाय का ह्या झाडात?"

मी तिला आकडा टाकलेलं झाड दाखवलं आणि पुन्हा फळायला ते उरणार नाही हे सांगितलं.

"त्याच्या सावलीत माया बापानं बैल सोडले हायेत," ती म्हणाली. "उद्या सब्बल आना. अन् एक जाड काठी. अन् चप्पल नका घालू, बूट घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बरडीवर गेलो. मी त्या आधी सगळी बिळं शोधून प्रत्येकाजवळ क्रमांकाची खुंटी रोवली होती. एकतीस. मावशीला खुंट्यांचं फार हसू आलं, पण बिळं वाचायला तिनेच मला शिकवलं. ताजी माती कुठे आहे, कोणत्या तोंडाशी कोळ्याचं जाळं आहे म्हणजे ते जुनं, कोणत्या वाटेवर गवत दबलं आहे. एक तोंड सोडून बाकीची दगडांनी बुजवायची. मग वरून सब्बलीने, म्हणजे पहारीने, खणत जायचं. उंदीर उरलेल्या तोंडातून बाहेर येतो. तिथे मी काठी घेऊन उभी.

पहिला उंदीर बाहेर आला तेव्हा मी नुसती पाहत राहिले. पिवळसर अंगाचा, लांब शेपटीचा. मागच्या पायांवर टुणकन उडी मारून तो गेला.

"मारा न व बाई! पाहून काय राह्यल्या? फोटो काढता का त्याचा?"

दुसरा आला. मी काठी हाणली ती जमिनीवर आपटली आणि मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या. तिसऱ्याच्या पाठीवर बसली. तो मेला नाही. मागचा भाग मेल्यासारखा पडला आणि पुढच्या दोन पायांनी तो माझ्याच बुटाकडे सरपटत आला. ओरडत होता. इतक्या लहान जनावराचा इतका मोठा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. मी पुन्हा मारलं, पुन्हा मारलं, डोकं दगडावर चेचलं जाऊन नाकातून रक्त आलं तरी मारत राहिले. मावशीने येऊन माझा हात धरला.

"मेला तो. आता काठी मोडंन."

मी शाळेत कधी कुणाच्या हातावर पट्टी मारली नव्हती. इतर शिक्षक त्यावरून मला चिडवत. त्या सकाळी मी अकरा उंदीर मारले, आणि चौथ्यापासून मला नेम साधला. खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते की सातव्या-आठव्याला मला बरं वाटत होतं. प्रत्येक फटक्याला मनात त्या उकरलेल्या ओळी येत होत्या.

दुपारच्या आत मावशीची सब्बल पोकळीत घुसली. तिने हाताने माती बाजूला केली. आत वाटीएवढी खोली होती आणि त्यात अंजनाचं बी रचून ठेवलेलं होतं. चपट्या बाजूने, एकावर एक, माझ्या डब्यात होतं त्याहून व्यवस्थित. आम्ही ओंजळीने काढलं. काही टोकाला कुरतडलेलं, पण बरंचसं साबूत. त्याच्या शेजारी दुसरी खोली होती, कापूस आणि गवत घातलेली. तिच्यात पिल्लं. डोळे न उघडलेली, गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. सहा होती.

"ही राहू दे," मी म्हणाले.

"राहू द्या. मंग ते कोनाच्या बियावर मोठे होतीन?" तिने सब्बल माझ्याकडे केली. "तुमचं बी हाय बाई, माया नाही. म्या खनून देलं. हे तुमीच पाहा."

मी सब्बलीची बोथट बाजू घेतली. ते काम फार लवकर झालं. त्याचा आवाज झाला नाही.

चार दिवसांत आम्ही अठरा बिळं खणली. वहीत अठरा खुणा झाल्या. गेलेल्या बियांपैकी अर्ध्याहून अधिक बी परत आलं. आता ते पुन्हा पेरायचं तर राखायचं कसं? जाळीच्या टोप्या मला तेव्हा सुचल्या नाहीत, आणि कृषी केंद्रातलं विष मला नको होतं, कारण ते खाऊन मेलेला उंदीर घुबड खातं, कुत्रं खातं. उपाय मावशीने काढला. बिबे तापवून तिने वाटीभर तेल गाळलं. बी त्या तेलात घोळायचं आणि लगेच राख आणि मातीत लोळवायचं, म्हणजे हाताळता येईल. उंदराने दात लावला की तोंड भाजणार.

"एकदा खाईन, दुसऱ्या डाव वास घेऊनच पयन," ती म्हणाली. "मानसाले एवढी अक्कल येत नाही. म्या तीस वर्सं हात भाजून घेऊन राह्यली."

मी आधी वीस बिया तशा करून ओल्या गोणपाटात ठेवल्या. आठवडाभरात चौदा रुजल्या. म्हणजे तेलाने बी मरत नव्हतं. मग सगळं बी तसं करून डब्यात भरलं, डबा मावशीकडे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पेरायचं ठरलं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण वहीत तेरा बिळं कोरी होती. मला कोरी जागा सोडता येत नाही; तुमच्या आईला विचारा, मी तिची शाळेची पुस्तकं कशी कव्हर घालून देत असे. मी मावशीला म्हणाले, पेरण्याआधी उरलेली तेरा संपवू.

"पुरे झालं आता, बाई. बी परत भेटलं. तेल लावलं. आता कायले मारता? तुमाले चटक लागली."

तिचं ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी एकटी बरडीवर गेले. तिच्या अंगणात बिब्याच्या टरफलांचा ढीग असे, त्यातली पाटीभर मी आदल्या दिवशीच तिला न विचारता आणून ठेवली होती. खणायला माझ्यात जोर नव्हता, म्हणून धूर करायचा बेत होता. एका जुन्या मडक्याला बुडाशी भोक पाडलं, आत गोवऱ्यांचा विस्तव, वर टरफलं. मडक्याचं तोंड बिळाला लावून मातीने लिंपलं आणि भोकातून नळीने फुंकर घातली. तोंडाला ओला रुमाल बांधला होता. वारा माझ्या पाठीकडून होता, तेही पाहून घेतलं होतं. बिळाची मला दिसलेली सगळी तोंडं बुजवली होती.

बिब्याची टरफलं आमच्याकडे कुणी जाळत नाही. चुलीत तर नाहीच. लहान पोरांनाही हे माहीत असतं. त्याचा धूर म्हणजे तेच तेल, हवेत मिसळलेलं. मलाही ते माहीत होतं. म्हणूनच तर मी ते वापरलं.

मला माहीत नव्हतं ते वेगळंच. या उंदरांच्या बिळाला एक तोंड असं असतं जे बाहेरून दिसत नाही. आतून ते वरपर्यंत खणतात आणि बोटभर मातीचा पापुद्रा ठेवून देतात. जीवावर बेतलं की तो फोडून निसटायचं. खणताना मावशी आधी पायाने जमीन ठोकत फिरायची, ती यासाठी. मला वाटायचं, ती तिची सवय आहे. मी कधी विचारलं नाही.

मावशी बियांचा डबा घेऊन वरच्या बाजूने आली. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तरवडाच्या झुडपाशी ती पहिल्या खड्ड्यावर वाकली आणि डबा उघडला. मी मोठी फुंकर घातली. तिच्या तोंडाखाली हातभर अंतरावर जमीन फुटली. आधी उंदीर आले, तीन की चार, तिच्या हातांवरून, मांडीवरून उड्या मारत. ती दचकून ओरडली आणि ओरडताना तिने श्वास आत घेतला. त्याच वेळी उंदरांच्या मागून तो काळा धूर सगळा तिच्या तोंडावर आला.

तिने डबा सोडला नाही. एका हाताने डोळे झाकले, दुसऱ्या हाताने डब्याचं झाकण दाबलं आणि तशीच उताराने घसरत, दगडांवर आपटत खाली आली. कपाळ फुटलं. मी तिच्या तोंडावर पाणी ओतलं. ती खोकत होती, थुंकत होती, आणि मधेच शिव्या देत होती.

"काय जायलं? बिबा जायला का तुमी? बिबा जायला? एवढ्या शिकलेल्या बाई तुमी!"

दोन तासांत तिचा चेहरा ओळखू येईना. पापण्या सुजून एकमेकींवर चढल्या, ओठ फाटले, गळ्यापर्यंत फोड उठले. माझ्या हातांवरही फोड आले, पण ते सांगण्यासारखे नाहीत. तिला गाडीत घालून मी वाशीमला नेलं. डॉक्टरांनी डोळे धुतले, औषधं दिली, आणि सूज उतरल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाले. मी तिला माझ्याच घरी आणलं. खोबरं वाटून चेहऱ्यावर लावायचं आणि पेज भरवायची, एवढंच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी खाटेवरून, डोळे मिटलेले असतानाच, तिने विचारलं, "बी पेरलं?"

"नाही. तुला असं सोडून कशी जाऊ?"

"म्या मरून राह्यली काय? जमिनीत वल हाय का नाही?"

"आहे."

"मंग इथं बसून काय पाहता माया तोंडाकडं? तोंड तं तुमीच केलं हे. जा! माये डोये गेले अन् बी बी गेलं, तं मी तुमाले सोडनार नाही, सांगून ठेवतो." वऱ्हाडात बायकाही बोलताना असं पुरुषी क्रियापद वापरतात.

शेजारणीला तिच्यापाशी बसवून मी डबा घेऊन बरडीवर गेले. हातांना फडकी बांधली होती. दोरी नेली नाही. बी जिथे मावेल तिथे, दगडांच्या आडोशाने, चार-चार बिया, वेडंवाकडं पेरत गेले. खाली रस्त्यावर यंत्राची करवत चालू होती. ते आमचंच झाड होतं. फांद्या आधी पडल्या. बुंधा पडला तेव्हा माझ्या गुडघ्याखालची जमीन हलली. मी पेरत राहिले. डबा रिकामा झाला तेव्हा रस्त्याच्या कडेला आकाश मोकळं दिसत होतं.

पेरल्यापासून तिसऱ्या दिवशी मला काही खड्डे उकरलेले दिसले. प्रत्येकात चारपैकी एक बी बाहेर पडलेलं, त्याच्यावर दातांची खूण, आणि बाकीची तीन जागेवर. एका खड्ड्यापाशी उंदीर मरून पडला होता. त्याचं तोंड मावशीच्या तोंडासारखंच सुजलेलं होतं. मी त्याला उचलून दगडाखाली ठेवलं आणि घरी जाऊन तिला हे सांगितलं.

"तेल लागलं मंग," एवढंच ती म्हणाली.

सातव्या दिवशी तिच्या पापण्या उघडल्या. उजव्या डोळ्याने दिसत होतं. डाव्या डोळ्यावर सायीसारखा पडदा आला होता. पुढे दोनदा अकोल्याला नेलं, औषधं झाली, पडदा थोडा पातळ झाला, गेला नाही. त्या डोळ्याने तिला उजेड आणि अंधार कळतो, माणूस कळत नाही. गोडंबीचा धंदा तिला सोडावा लागला, कारण एका डोळ्याने दगडाचा नेम चुकून बोटावर बसतो. आता ती माझ्याकडेच असते. तुमच्या आईला मी सांगितलं होतं की मावशीला सोबत म्हणून आणलं.

बी दहाव्या-अकराव्या दिवशी रुजलं. ती हट्टाने माझ्याबरोबर आली आणि ओणवी होऊन, चांगला डोळा जमिनीजवळ नेऊन प्रत्येक रोप पाहत गेली. अठ्ठ्याऐंशी होती. हिवाळ्यात खायला काही उरलं नाही तेव्हा उंदरांनी कोवळ्या खोडांच्या साली कुरतडल्या आणि बरीच रोपं मेली. मग मी जाळीच्या नळ्या करून एकेका रोपाभोवती पुरल्या. आज एकवीस आहेत. सगळ्यात मोठं माझ्या कमरेला लागतं.

मी तिची माफी मागितली आहे, एकदा नव्हे. दर वेळी ती म्हणते, "डोया गेला त्याचं सोडा. तुमी मले पुसलं काहून नाही, ते सांगा." ती पायाने जमीन ठोकत असताना मी शेजारी उभी होते, चार दिवस. मला विचारता आलं असतं.

उंदीर मी आताही मारते. जाळीखालून खणून मुळाशी येतो तेवढाच. यंदा तीन मारले. मावशी पुढे चालते, टाचेने ठोकत. जिथे आवाज पोकळ येतो तिथे ती थांबते, आणि ती सांगेपर्यंत मी काठी उचलत नाही.